पत्र्याच्या जुन्या आगगाड्यांच्या नव्या प्रती : घ्याव्यात की नाही?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहून टाकतो.

आमच्याकडे आजोबांनी आणलेली चावीची आगगाडी आहे. हॉर्नबी या इंग्लिश कंपनीची, ओ गेज, म्हणजे दोन रुळांमध्ये ३२ मिलिमीटर. मरून रंगाचं चार चाकी इंजिन, टेंडर (इंजिनामागचा कोळशाचा डबा), दोन डबे आणि वाटोळे रूळ. आजोबा मिरजेला रेल्वेत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कधीतरी मुंबईहून त्यांनी ही गाडी वडिलांच्या मोठ्या भावासाठी आणली. काका ती कोणाला हात लावू देत नसत. म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही म्हातारी माणसं आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडलो. गाडीची ट्रंक माळ्यावर चढवायची राहून गेली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर निम्मी गाळाने भरलेली. मूळ खोक्याचा लगदा झाला होता. एका डब्याचा तळ गंजून गेला, इंजिनाचा रंग पोपडे धरून उठला आणि स्प्रिंग आतल्या आत जाम झाली. पाच-सहा वर्षं मी ते सामान वर्तमानपत्रात गुंडाळून नुसतं ठेवून दिलं, कारण बघवत नव्हतं.

मागच्या दिवाळीत धीर करून गेलेल्या डब्याच्या जागी ऑनलाइन एक डबा घेतला. "ओरिजिनल, युद्धपूर्व" असं लिहिलं होतं. साडेआठ हजार मोजले. घरी आल्यावर तळाशी एक चौकोनी जागा बोटाला गुळगुळीत लागली. रंगाच्या खाली काहीतरी घासून काढलेलं होतं. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर देणंच बंद झालं.

आता एक मित्र परदेशातून नवा बनवलेला डबा आणतो म्हणतोय, अगदी जुन्यासारखा. तेव्हा विचारायचं असं, की जुन्या इंजिनामागे नवा डबा जोडावा का? इंजिनात नवी स्प्रिंग, नवी चाकं घालावीत का? आणि त्या घासलेल्या डब्याचं काय करू?

---

माहुलीकर (सातारा)

कृष्णाकाठ, आधी मन हलकं करा. फसवणूक झाली त्यात तुमची चूक नाही.

मी मुळात नाणी जमवतो, आगगाड्या फार थोड्या आहेत माझ्याकडे. पण तुमचा तो घासलेला चौकोन वाचला आणि शिवराई आठवली. शिवराई जमवणाऱ्या प्रत्येकाच्या हातून एक तरी खोटी गेलेली असते. मूळ शिवराई ठोकलेली असते आणि खोटी बहुधा ओतीव. भिंगाखाली तिच्या अंगावर बारीक खड्डे दिसतात, कडेला साच्याची रेघ दिसते. हे शिकायला मला चार वर्षं आणि बरेच पैसे लागले. पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. आता कोणी खरी शिवराई हातावर ठेवली तरी पहिल्यांदा संशयच येतो. नाण्याकडे बघायचा आनंद गेला.

नव्या प्रतींचं मला भय वाटतं ते यासाठी. बनवणारा प्रामाणिक असतो. तो तळाशी आपलं नाव घालतो. तिसऱ्या-चौथ्या हाती माल गेला की ते नाव पॉलिश पेपरने जातं.

ओळखायच्या काही खुणा सांगतो.

पत्र्याच्या जिभा बघा. जुन्या गाड्या खाचेतून जीभ घालून ती वाकवून जोडलेल्या असतात. एकदा उघडून पुन्हा वाकवली की तिथला रंग तडकतो.

स्क्रू बघा. हॉर्नबीच्या काळात सरळ खाचेचे स्क्रू आणि इंग्रजी आटे होते, बीए आणि व्हिटवर्थ. हल्लीचा मेट्रिक स्क्रू सापडला तर कोणीतरी नंतर हात घातलाय. मेकॅनोचा (हॉर्नबी काढणारी कंपनी) ५/३२ इंची व्हिटवर्थ आणि आपला मेट्रिक एम-४ जाडीला जवळपास सारखेच, त्यामुळे एम-४ जुन्या आट्यात दोन फेरे बसतो आणि मग अडतो. जोर लावू नका, आटे जातील.

छपाई भिंगाखाली धरा. जुन्या डब्यावर बहुधा प्रत्येक रंग वेगळा, सपाट छापलेला असतो. जुना डबा स्कॅन करून छापलेल्या प्रतीत चार रंगांचे बारीक ठिपके दिसतात.

आणि खोकं. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात खोक्यावर आणि लेबलवर मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतर सर्रास आली. १९३० चं म्हणून विकलेलं लेबल निळसर पेटलं तर ते १९३० चं नाही.

---

फिरती_चावी (कऱ्हाड)

माहुलीकरांच्या खुणा छापून ठेवाव्यात इतक्या चांगल्या आहेत. पण मी दुसऱ्या बाजूचा आहे.

माझ्याकडे तीन जुनी इंजिनं आहेत आणि दोन नवी. जुनी कपाटात असतात. नवी दर रविवारी फरशीवर फिरतात. माझी मुलगी सात वर्षांची आहे. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असायचं, हे कळल्यापासून जुना डबा मी तिच्या हातात देत नाही. आणि विजेच्या जुन्या गाड्या तर विचारूच नका. हॉर्नबीने १९२५ साली पहिलं विजेचं इंजिन काढलं, त्याचा एक प्रकार घरच्या विजेवर, मध्ये दिवा जोडून चालायचा. रुळाला हात लागला तर काय होईल याचा विचार करा. ते इंजिन मी कधी चालवणार नाही आणि कोणी चालवूही नये.

नवं इंजिन बारा-वीस व्होल्टवर चालतं, रंग सुरक्षित, चाक निघालं तर दुसरं मिळतं. मुलीला त्याचा आवाज, तेलाचा वास, पत्र्यावर पत्रा आपटल्याचा खडखडाट सगळं मिळतं. प्रत नसती तर तिच्यासाठी ही गाडी म्हणजे कपाटाच्या काचेआडचा फोटो झाला असता.

सगळ्या नव्या गाड्या एका मापाने मोजू नका, हेही सांगतो. तीन जाती आहेत.

इंग्लंडात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या एस ट्रेन्स कंपनीने हॉर्नबीच्या धाटणीची पत्र्याची इंजिनं काढली, पण स्वतःच्या नावाने. त्यांना मी नक्कल म्हणत नाही, वारसदार म्हणतो. अमेरिकेत लायोनेल कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या हुबेहूब प्रती १९७० च्या दशकापासून निघतायत. आधी विल्यम्स कंपनीने काढल्या, पुढे एमटीएच कंपनीने. २००९ मध्ये तर लायोनेलकडूनच परवाना घेतला. त्या उघड प्रती आहेत. आणि स्पेनच्या इबी गावातल्या 'पाया' (Payá) या कंपनीने १९८० च्या दशकात स्वतःच्याच जुन्या गाड्या पुन्हा काढल्या, क्रमांक घालून. ज्यांनी मूळ बनवली त्यांनीच पुन्हा बनवली, तिला प्रत म्हणायचं की दुसरी आवृत्ती? मला अजून ठरवता आलेलं नाही.

---

मूळचंच (वाई)

मला ठरवता आलेलं आहे. प्रतच.

मी पासष्ट वर्षांचा माणूस आहे, चाळीस वर्षं जमवतोय. घर मोठं नाही, त्यामुळे जे ठेवतो ते निवडून ठेवतो. माझ्या एका मालडब्याला डाव्या कोपऱ्यात पोचा आहे. तो ज्या घरातून आला तिथल्या आजींनी सांगितलं, की त्यांच्या भावाने तो जिन्यावरून सोडला होता. भाऊ लहानपणीच गेला. तो पोचा मी आयुष्यात काढणार नाही. नवा डबा कितीही सुबक बनवा, त्याला जिना माहीत नाही.

दुसरं म्हणजे डोळा बिघडतो. नव्या प्रतीचा रंग एकसारखा, चकचकीत, कडा धारदार. रोज तेच पाहिलं की जुन्याचा मऊ पडलेला रंग "खराब" वाटायला लागतो. मग माणूस जुनी गाडी रंगवायला काढतो. मी अशा रंगवलेल्या किती तरी गाड्या पाहिल्या आहेत. त्यांच्यावर मूळ रंग पुन्हा कधीच येणार नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या इंजिनाचे पोपडे आहेत तसे राहू द्या. पुराचे पोपडे तेही तुमच्या घराचेच.

---

कुपवाड_टर्नर (कुपवाड एमआयडीसी)

मूळचंच काका, तुमचा पोचा काढू नका, ते बरोबर आहे. पण चाकाचं काय करायचं ते सांगा.

माझं लेथचं काम आहे. पुण्या-मुंबईचे दोन-तीन हौशी लोक माझ्याकडं चाकं करून घेतात. जुन्या इंजिनाची ओतीव चाकं जस्ताच्या मिश्रधातूची, मॅझॅक म्हणतात त्याला. ओतताना त्यात शिशाचा अंश राहिला की धातू आतून, कणाकणाच्या फटीतून सडतो. आधी फुगतो, मग केसासारख्या भेगा, मग बोटानं दाबलं तरी भुगा. पुराचा यात काही संबंध नाही बघा, कोरड्या कपाटात ठेवली तरी सडतात. तेल लावून, रंग देऊन थांबत नाही. नव्वद वर्षांपूर्वी भट्टीत काय पडलं त्यावर सगळं अवलंबून. म्हणून आता अशा ओतकामाला ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरतात.

चाक भुगा झालं की इंजिन मेलं. नवं चाक नको म्हणाल तर ते विटेवर ठेवून बघत बसायचं. मी ते पितळेत नाहीतर माइल्ड स्टीलमध्ये करतो. जस्ताचं दाखवायला जात नाही. कोणी बघितलं तर लगेच कळावं की हे नंतरचं आहे.

कृष्णाकाठ दादा, एक सांगतो, मनावर घ्या. स्प्रिंग जाम आहे म्हणता. ती चावी भरलेल्या अवस्थेत अडकली असेल तर घरी खोलू नका. ताण असताना पट्टी सुटली तर बोट फाडते, डोळाही जाईल. घड्याळजीकडं न्या, नाहीतर माझ्याकडं आणा.

---

औंधची_लेक (औंध / सध्या पुणे)

मी संग्राहक नाही, वडिलांचा एक छोटा संच सांभाळते. पण प्रत या शब्दाविषयी बोलायचं आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला भवानी संग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये सुरू केलेलं. तिथे राजा रविवर्मांची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. शिवाय अजिंठ्याच्या आणि युरोपातल्या नामांकित चित्रांच्या प्रती आहेत, आपल्या चित्रकारांनी हाताने केलेल्या. लहानपणी आम्ही त्या प्रतींसमोरच जास्त वेळ उभे राहायचो. औंधच्या शाळेतल्या पोरांना इटली कुठे दिसणार होती? ती त्या प्रतींनी दाखवली. आणि प्रत म्हणूनच दाखवली. त्या चित्रांमुळे रविवर्म्याच्या मूळ चित्राचं मोल कमी झालं असं मला कधी वाटलं नाही.

---

माहुलीकर (सातारा)

औंधची_लेक ताई, मुद्दा पटला. पण त्या प्रती संग्रहालयाच्या भिंतीवर आहेत, बाजारात फिरत नाहीत. माझं भय बाजाराचं आहे. भिंतीवरची पाटी कोणी घासत नाही.

---

फिरती_चावी (कऱ्हाड)

माहुलीकर, म्हणूनच खूण खोल असली पाहिजे. अमेरिकेतल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनचा (१९५४ ची संस्था) आग्रहच असतो की नव्याने केलेल्या भागावर कायमची खूण हवी. शाईचा शिक्का किंवा चिकटवलेली चिठ्ठी चालणार नाही, पत्र्यात किंवा धातूत उठवलेली हवी. ती घासायला गेलं तर पत्रा पातळ होतो आणि बोटाला कळतं. कृष्णाकाठना कळलं तसंच.

---

मिरजजंक्शन (मिरज)

सगळं वाचलं. एक गोष्ट कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

आपण इंग्लंडच्या गाडीच्या प्रतीवर इतकं बोलतोय. आपल्या दारातून गेलेल्या गाडीचं खेळणं कोणी केलं का? बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी मिरजेला १९२७ साली आली. अडीच फुटी गेज. इंग्रज इंजिनियर कॅल्थ्रॉपसाहेबाने १८९७ मध्ये बार्शीपासून सुरू केलेली, मग पंढरपूर, मग लातूर, शेवटी मिरज. लहानपणी कवठेमहांकाळच्या मामाकडे मी तिनेच जायचो. आषाढीला टपावर वारकरी बसलेले असायचे. आता तिथे ब्रॉडगेज आहे आणि वेळेवर पोचतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या आठ चाकं जोडलेल्या ठेंगण्या टँक इंजिनाचं पत्र्याचं एकही खेळणं मी आजवर पाहिलेलं नाही. पुणे-मिरज मीटरगेजचंही नाही.

मिरजेत सतारमेकर गल्लीत रोज नवा तंबोरा तयार होतो. त्याला कोणी जुन्याची नक्कल म्हणत नाही, कारण कारागीर आजचा आहे आणि नावही त्याचंच आहे. पत्र्याच्या गाडीचं तसं का होऊ नये? कोथरूडला भाऊ जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय १९९८ पासून उभं आहे, एका माणसाच्या ध्यासातून. आपल्याकडे डाय (पत्रा दाबायचे साचे) करणारे आहेत, पत्रा दाबणारे आहेत, पावडर कोटिंग गल्लोगल्ली आहे.

---

कुपवाड_टर्नर

मिरजजंक्शन साहेब, मनातलं बोललात. खर्चाचं सांगतो. एका डब्याला कापायची, दाबायची, वाकवायची डाय वेगवेगळी लागते. ती लाखांत जाते. पन्नास डबे करायचे तर एक डबा कोणाला परवडणार नाही. लेझर कटिंग आणि हाताने वाकवणं केलं तर जमतं, पण गोल टप आणि उठावाची नक्षी येत नाही. बार्शीच्या डब्याचा टप मात्र साधा आहे. जुनी मापं असतील तर पाठवा, एक नमुना करून बघतो. मजुरी घेणार नाही.

---

मूळचंच (वाई)

हे झालं तर पहिला डबा मी घेईन. बार्शीची गाडी कोणाची प्रत नाही.

चाकाविषयी रात्रभर विचार केला. टर्नरसाहेब, तुमचं बरोबर आहे. सडलेलं चाक पोच्यासारखं नाही. पोचा कोणीतरी पाडला, सडणं धातूतच होतं. चाक बदलावं. पण जुन्याचा भुगासुद्धा डबीत घालून गाडीबरोबर ठेवावा, आणि काय बदललं ते कागदावर लिहून सोबत ठेवावं. रंगाला मात्र हात लावायचा नाही, यावर मी ठाम आहे.

---

फिरती_चावी (कऱ्हाड)

कृष्णाकाठ, तुमच्या मित्राला एक सांगून ठेवा. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. टपालाने मागवण्याआधी नीट चौकशी करा. किंमत कागदावर खरी लिहून आणा, भेट म्हणून दाखवू नका.

---

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, कारण नुसतं आभाराचं लिहायचं नव्हतं.

आधी इंजिन. गणपती पेठेतल्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी स्प्रिंगचा ताण सावकाश उतरवला, मग यंत्र बाहेर काढलं. गाळ सुकून दगड झाला होता. रॉकेलमध्ये चार दिवस ठेवून ब्रशने काढला. स्प्रिंग दोन ठिकाणी गंजून खाल्लेली होती, ती बदलावीच लागली. पुढची चाकं कुपवाडला दाखवली. एकावर भेगा होत्या, दुसरं हातातच तुटलं. नवी जोडी पितळेची केली. जुनी चाकं आणि स्प्रिंग, मूळचंच काकांनी सांगितलं तशी, डबीत घालून कागदासकट ठेवली आहेत. रंगाला हात लावलेला नाही. सुटलेले पोपडे तेवढे जागच्या जागी बसवून घेतले.

मग घासलेला डबा. परत विकायचा मोह झाला होता, खोटं बोलणार नाही. प्रत म्हणून सांगून विकला असता तर दोन-अडीच हजार आले असते. पण पुढचा घेणारा सांगेलच याची खात्री काय? शेवटी तो डबा घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो, जिथे ताट-वाट्यांवर नावं घालून देतात. त्यांना म्हटलं, तळाशी त्या गुळगुळीत चौकोनातच "नवी प्रत, मूळ नव्हे" असं खोल घालून द्या. त्यांनी दोनदा विचारलं, खरंच हेच घालायचं ना? नव्या चाकांच्या आतल्या बाजूला पण साल घालून घेतलं. सगळ्याचे मिळून साठ रुपये घेतले.

परदेशातल्या डब्याला नको म्हणून कळवलं. एक प्रत घरात आहेच, तीच पुरेशी आहे, आणि तिच्यावर आता तिचं खरं नाव आहे.

काल संध्याकाळी हॉलमध्ये रूळ मांडले. वडील पंच्याऐंशीचे आहेत. काकांनी त्यांना कधी चावी भरू दिली नव्हती, ती काल पहिल्यांदा त्यांनी भरली. हात थरथरत होता म्हणून मी इंजिन धरलं. मूळ इंजिन, मूळ टेंडर, मूळ डबा आणि शेवटी तो नवा, असा क्रम लावला. साडेतीन फेरे झाले. चौथ्यात वळणावर नवा डबा घसरला आणि गाडी थांबली. वडील म्हणाले, पुन्हा भर.

टर्नरसाहेब, त्या डब्याची चाकं रुळाला जरा सैल वाटतात. मधलं अंतर कमी असेल का?

---

कुपवाड_टर्नर

दादा, तेच असणार. मूळ डब्याच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा, मग नव्याचं मोजा, दोन्ही आकडे पाठवा. कमी निघालं तर आसावर सरकवून देतो, नाहीतर नवा आस करू. रविवारी शेड उघडी आहे. येताना वडिलांना पण आणा, लेथ दाखवतो त्यांना.